वरून हिरवंगार

ताईस धाकट्याचा नमस्कार.

मी एका जागी टिकत नाही म्हणतेस, आणि तू दवाखान्यासाठी जागची हलत नाहीस! म्हणे, "मी ठणठणीत आहे."

इथे तबेल्यातली गाभण घोडी हिरवंगार गवत चरायची, तरी दिवस भरत आले आणि कासेत दूध नाही. डॉक्टर म्हणाले, या गवताच्या आत बुरशी राहते. गवताला ती किडीपासून जपते, पण गाभण घोडीला बाधते. वरून काहीच दिसत नाही. मीच तिला तिथे सोडायचो, ताई. आता दुसरीकडची वैरण घालतो. काल दूध उतरलं.

घोडीशी तुलना केली म्हणून रागावू नकोस. आठवा लागला ना? आई असती तर तिने हाताला धरून नेलं असतं. भावजींबरोबर जाऊन ये.

फक्त दवाखान्यासाठी, तीन हजार पाठवतोय.