खिशातला गोंडा

इंदूर, ७ डिसेंबर २००३

सौ. अनसूया हिस,

सुखरूप पोचलो. जेवण बरं हाय, पर आपल्यासारखं तिखट न्हाय.

एक कबूल करतो, चिडू नकोस. चपलांच्या कातड्यातनं तू शिवलेलं पिस्तुलाचं होल्स्टर मी ट्रंकेत दडवून ठेवलं हुतं. बाकीचे पोलीस हसतील म्हणून बाजारातलं चकचकीत घेतलं आन् तेच कमरेला लावून आज नेमबाजी स्पर्धेच्या सामान-तपासणीला गेलो. पंचांनी बघताक्षणी बाद केलं. नियमानं पिस्तुलाचा चाप झाकलेला पायजे, आन् ह्यात तर बोट जाईल एवढी फट! दुसरं नसलं तर घरी जा म्हणाले.

मग तुझं काढलं. रिकामं पिस्तूल त्यात खोचून त्यांनी मला उड्या मारायला लावल्या. जागचं हाललं न्हाय की! चापही पुरता झाकलेला. "कुठल्या कंपनीचं?" म्हणाले. मी म्हटलं, "बायकोचं."

तू हौसेनं लावलेला लाल गोंडा तेवढा काढायला लावला, लोंबतं काही चालत न्हाय म्हणून. मी कापला न्हाय, एकेक टाका उसवून काढला.

ते शिवताना आरी लागलेला अंगठा भरला का? खरं सांग.

उद्या स्पर्धा. गोंडा शर्टाच्या खिशात घेऊन उभा राहणार हाय. खिशाला कसला नियम न्हाय.

तुझाच,
बाबासो