खरी किंकाळी

रिओ ग्रँड सिटी, टेक्सस
ता. ४ ऑक्टोबर

चि. नेरेइदा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझी आजी अजून जिवंत आहे. विसरली असशील म्हणून मुद्दाम कळवते. लिहिणारा हात समोरच्या घरातल्या ओफेलियाचा, शब्द माझे. ती अक्षर सुबक काढते, पण मधेच शब्द गोड करू बघते. माझं लक्ष आहे.

तुझं पत्र तिने दोनदा वाचून दाखवलं. फौजेतल्या जखमींना कसं सांभाळायचं ते तुम्हाला नकली रक्त ओतून शिकवतात म्हणे. तुझी जखमी व्हायची पाळी आली आणि तू अशी किंकाळी फोडलीस, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझा चोनमामा गल्लीभर सांगत सुटलाय. मला मात्र ते पटलं नाही. बाई गं, चर्चमधल्या नाताळच्या नाटकात तू मेंढपाळ होतीस आणि देवदूत समोर येताच फिसकन हसलीस. तुला सोंग कधीपासून जमायला लागलं? दुखतंय कुठे, तेवढं सांग.

माया आहेच, ती विचारू नकोस.
तुझी आजी, एउलालिया

सॅन अँटोनियो
ता. ११ ऑक्टोबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. तुझ्यापुढे काही लपत नाही. उजवा घोटा. चौघे मला स्ट्रेचरवर घालून पळत होते. दांड्यांना नकली रक्त लागलेलं. ब्राइसचा हात निसटला आणि माझा पाय दगडावर आपटला.

सरावात कुणाला खरोखरच लागलं तर 'खरंखुरं' असं ओरडायचं, की सगळं जागच्या जागी थांबतं. मी नाही ओरडले. ओरडले असते तर त्या चौघांना भर उन्हात पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं. शिवाय जायबंदी म्हणून नाव लागलं, की मागून येणाऱ्या तुकडीत ढकलतात. शिक्षण संपल्याच्या समारंभाला तू येणार, मामानं रजा काढलीय. म्हणून मीच घट्ट पट्टी बांधते आणि सकाळी सगळ्यांबरोबर धावते. इथे बहुतेक जण असंच करतात गं. मामाला सांगू नकोस.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी नेरेइदा

रिओ ग्रँड सिटी
ता. १६ ऑक्टोबर

चि. नेरेइदा हिस,
आशीर्वाद. ओफेलिया म्हणते, फौजेतल्या मुलीला 'गाढव' लिहू नये. मी म्हटलं, लिही. गाढव.

दुसऱ्यांचे पाय सांभाळायला शिकायला गेलीस, आणि स्वतःचा कामातून घालवतेस? उद्या एखादं पोरगं लंगडत तुझ्यासमोर येईल आणि काही झालं नाही म्हणेल. मग तू काय करणार, मान डोलावून त्याला पळायला लावणार? तुमच्याकडे सोंगाला टाळ्या आणि खऱ्या दुखण्याला शिक्षा! असला कसला कारभार?

मामाला सांगितलं. तू नको म्हणालीस म्हणूनच. तो म्हणतो, फौजेत धडपडायचंच. त्याच्याशी मी बोलणं टाकलंय. समारंभाचं निमित्त माझ्या गळ्यात मारू नकोस. माझा निळा झगा पुढच्या वेळीही मला होईल. पत्र मिळताच डॉक्टरांकडे जा. नाहीतर पुढचं पत्र तुझ्या सार्जंटला जाईल, इंग्रजीत, आणि ओफेलियाला त्यात साखर घालू देणार नाही.

वैतागलेली आजी

सॅन अँटोनियो
ता. २४ ऑक्टोबर

ती. आजीस,
शि. सा. न. डॉक्टरांकडे गेले. हाड चिरलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी धावली असतीस तर आत स्क्रू घालावे लागले असते. पाय आता गुडघ्यापर्यंत जाड बुटात आहे आणि मी मागच्या तुकडीत.

सार्जंट भडकले. 'खरंखुरं' हा शब्द शिकवला होता तो काय तोंडात चघळायला, असं सगळ्यांसमोर विचारलं. त्या चौघांना स्ट्रेचर उचलायचा सराव नव्याने करावा लागला. ब्राइस जेवताना मला बघून ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. शुक्रवारी सगळे मंचावर असतील आणि मी खुर्च्या मांडत असेन. तू सांगितलंस तसं केलं, पण आजी, मला अजिबात बरं वाटत नाहीये.

तुझी नेरेइदा

रिओ ग्रँड सिटी
ता. २८ ऑक्टोबर

चि. नेरेइदा हिस,
आशीर्वाद. बरं वाटून घ्यायला सांगितलं नव्हतं. पाय दाखवायला सांगितलं होतं. तो दाखवलास. मलाही बरं वाटत नाहीये. झगा रोज कपाटातून काढते आणि परत ठेवते. तुझा राग आलाय, त्या ब्राइसचा आलाय, आणि त्या टाळ्या वाजवणाऱ्यांचा सगळ्यात जास्त.

मामाची रजा वाया घालवणार नाही. शुक्रवारी तो मक्याच्या पानांत वाफवलेल्या तमालेंचा डबा घेऊन येतोय. खुर्च्या मांडून झाल्या, की त्या चौघांना बोलाव आणि खायला बसव. ज्यांच्या पानाला दोरा बांधलाय ती ब्राइसची. त्यांत मिरची जास्त आहे. दुसऱ्या टेबलावर जाऊ लागला, तर ताटात वाढून तिथे नेऊन दे. लंगडत जा, लपवू नकोस.

लोभ पायाएवढाच जपून ठेव.
तुझी आजी, एउलालिया

ता. क. तिकडे झाडांखाली अक्रोडासारख्या टणक पेकनचा सडा पडला असेल. मामाबरोबर डबा भरून पेकन पाठव, पण सोललेले. आणि सोलायला त्या चौघांना बसव; तेवढ्याच मुठी घट्ट होतील.