लाकडी बोट मोडेपर्यंत

४ फेब्रुवारी

"लोखंड काठावर ठेव, मग वर ये." मी सहा वर्षांची असताना बाबा म्हणाले होते. नौदलाच्या त्यांच्या बोटीवर घरच्यांना नेण्याचा दिवस होता. माझे बकलाचे बूट धक्क्यावरच राहिले. आईने केसांतल्या पिनाही काढून दिल्या आणि मोकळे केस एका हाताने धरून ती फळीवरून वर चढली. समुद्रातले सुरुंग काढणारी बोट! काही सुरुंग लोखंडाच्या चाहुलीनेच फुटत, म्हणून बोट सगळी लाकडाची. बाबा तिच्यावरचे सुतार. त्यांचा हातोडासुद्धा पितळेचा.

आज हे आठवलं, कारण डॉक्टर म्हणाले, हृदय मधेच थांबतंय, पेसमेकर ताबडतोब बसवा. बाबा म्हणाले, आत्ता नाही. बोट मोडायला आणलीय, एकदा तिच्यावर जाऊन येतो, मग बघू. "अंगात धातू घेऊन तिच्यावर पाय ठेवायचा नाही."

डॉक्टरांनी तोवरच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली.

५ फेब्रुवारी

समजावून पाहिलं. पेसमेकर लोखंडाचा नसतो. आणि बोट आता कुठले सुरुंग काढतेय? उत्तर तयार — "नियम बोटीचा आहे, सुरुंगांचा नाही."

आत्या, बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहते. भाजी निवडता निवडता म्हणाली, "बोट म्हातारी झाली म्हणून मोडतायत. तुला बघ, आम्ही अजून चहा करून घालतोय." बाबा हसले. हसताना दम लागला. आत्याने भाजी बाजूला सारून त्यांना पाणी आणून दिलं.

७ फेब्रुवारी

दुकानात लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. बिचारा म्हणाला, जग तिरकं दिसतंय. मला तर काच न बदलताच दिसतंय.

न्हाणीघराला कडी लावू नका म्हणते, बाबा लावतात. मी दाराशी उभी राहून पाण्याचा आवाज ऐकते. आवाज थांबला की माझंच काळीज थांबतं.

८ फेब्रुवारी

जेवताना बाबा बोटीचंच बोलत होते. युद्ध संपल्यावर बंदराच्या तोंडाशी ती महिनोन्‌महिने मागे जाड दोर ओढत फिरली. मच्छीमार काठावर वाट बघत बसलेले. सगळा रस्ता मोकळा करून दिला, पण तिचं नाव कुठेच छापून आलं नाही. "जे फुटत नाही त्याची बातमी होत नाही." पुढे नवशिक्यांना शिकवायला वापरली, मग पहाऱ्याला, मग इंजिन काढून कोपऱ्यात उभी केली. संग्रहालय करायचं ठरलं होतं, तर तळाला कीड लागलेली निघाली. आता पितळ-तांबं विकणार, लाकूड जाळणार.

"तिच्या निम्म्या फळ्या माझ्या हातच्या आहेत," म्हणाले आणि ताट सरकवलं.

१० फेब्रुवारी

बोटी मोडतात त्या धक्क्यावर गेले. मुकादम भला माणूस. म्हणाला, डेक सडलाय, माझी माणसं आडव्या फळ्या टाकून चालतात, तिथे हृदयाच्या दुखणेकऱ्याला कसा चढवू? एकदा विनवलं, दोनदा विनवलं. नाहीच.

आणि मग मी काय बोलून बसले! म्हटलं, मग लवकर तरी मोडा. ती उभी आहे तोवर ते ऑपरेशनला तयार होणार नाहीत.

मुकादम म्हणाला, "लोक इथे बोट वाचवा म्हणून येतात, बाई. तुम्ही पहिल्याच."

येताना पाहिली. केवढीशी! लहानपणी डोंगराएवढी वाटली होती. रंगाचे पोपडे निघालेले. हात लावायचा धीर झाला नाही.

घरी सांगितलं, परवानगीचं बघतायत.

१३ फेब्रुवारी

बाबा सकाळी दाढी करून, घड्याळ काढून ठेवून बसतात. कधी बोलावणं येईल सांगता येत नाही म्हणे. दोन्ही वेळा पोटभर जेवतात. गोळ्या आपणहून मागून घेतात. आत्या म्हणाली, "नवरदेव झालायस अगदी."

मला तोंड वर करवत नाही.

१६ फेब्रुवारी

मुकादमाचा फोन. वरचं सगळं उतरवलं, तळही फोडून झाला. "तुमचं काम झालं, बाई."

माझं काम!

आधी सुटल्यासारखं वाटलं. मग बाबांचं काढून ठेवलेलं घड्याळ दिसलं. डॉक्टरांची परवाची वेळ घेतली.

१७ फेब्रुवारी

सांगितलं. बोट गेली. घाई मीच करायला लावली, तेही सांगितलं. आत्या उठून आत गेली.

बाबा चिडले नाहीत. उलट माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस. वाट बघून तीही कंटाळली असेल."

म्हटलं, मग उद्या दवाखान्यात जाऊ ना?

"आता कशाला, बाळ?" अगदी शांतपणे म्हणाले. "तिच्यावर जाईपर्यंत टिकायचं होतं. तेवढ्यासाठीच सगळं चाललं होतं."

संध्याकाळच्या गोळ्या तशाच राहिल्या.

१८ फेब्रुवारी

गाडी दाराशी आलीय. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. आत जाऊन एवढंच म्हणणार आहे — बाबा, बोटीसाठी नको, माझ्यासाठी चला.

नाही म्हणतील. तरी म्हणणार.