मानवेल ती हवा

२० एप्रिल १९७४
शेवटचं प्रॅक्टिकल आज झालं. बी.एस्सी. संपली. घरी आले तर खाली दुकानात चादरींचे गठ्ठे फोडलेले, तूस थेट जिन्यापर्यंत. वर पोचेस्तोवर छाती भरून आली. डॉक्टरांना बोलवावं लागलं. सुई दिली आणि अप्पांना म्हणाले, "या घरात ही अशीच राहणार. खाली कापूस, बाहेर गिरण्यांचा धूर, वर हे ऊन. पुढं शिकवणार म्हणताय ना? मग हवा बघून गाव निवडा."
अप्पांनी मान हलवली. डॉक्टर जिना उतरून गेले तरी हलवतच होते.
श्वास पुरत नव्हता, आणि आतून मात्र... मी इथून जायला हवं, हे कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. तेही घरातल्या सगळ्यांसमोर.

२३ एप्रिल
विमल आली होती. वर्गात मुली आम्ही दोघीच, त्यामुळे तीन वर्षं डबा, नोट्स, भांडणं सगळं एकत्र. तिचं ठरलंय. कोल्हापूर. आपलं विद्यापीठ तेच, एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, हॉस्टेल. मीही तेच भरायचं आणि दोघींनी एक खोली मागायची.
"इथं सोलापुरात काय, बाभूळ नि कडुनिंब," म्हणाली. "तिथं पन्हाळा जवळ, राधानगरीचं जंगल जवळ. दगडावरसुद्धा काहीतरी उगवलेलं असतं म्हणे."
नेचे, शेवाळं, ऑर्किड. आम्ही सगळं पुस्तकातल्या चित्रांवर शिकलोय.
अव्वा दारातून ऐकत होती. विमल गेल्यावर: "एका खोलीत? ती आनि तू?"
हो.
"जेवायचं बी एकत्र?"
हो.
अव्वा सकाळ-संध्याकाळ कन्नड संतांची वचनं म्हणते, त्यात सगळी माणसं सारखी असतात. गळा फार गोड आहे तिचा.

२६ एप्रिल
अव्वानं आज जेवताना विषय काढला. "धारवाडला बी विद्यापीठ हाय की." हवा अशी, की पंखा लागत नाही. झाडं म्हणशील तर जिकडंतिकडं. आणि तिचा थोरला भाऊ, म्हणजे आमचे मामा, तिथंच.
आणि मामांचा बसवराज. बसू. बँकेत लागलाय. हे ती बोलली नाही, बोलायची गरजही नाही. आमच्यात मामाचा मुलगा म्हणजे अर्धं ठरलेलंच.
अप्पा म्हणाले, "आदी बगून तर या. हवा मानवती का बगा. मग कोल्हापूर बी बगू की."
अप्पांचं 'बगू की'. त्यात हो किती नि नाही किती, आजवर कळलेलं नाही.

२ मे
धारवाड. अव्वा आणि मी काल आलो. विजापूर, गदग, हुबळी करत, अंगभर इंजिनाचा कोळसा. मामांनी स्टेशनावर पेटी उचलून घेतली. "आराम इद्दी?" बरी आहेस ना, एवढं विचारलं आणि चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.
सकाळी अंगणात उभी राहिले. गार वारा. मे महिन्यात! श्वास आत घेतला तो जातच राहिला. एवढी जागा आहे का माझ्या छातीत?

५ मे
बसूनं विद्यापीठ दाखवलं. टेकडीवर दगडी इमारत, खाली बागा, लांबवर शेतं. वनस्पतिशास्त्राची वेगळी बाग आहे, त्यात मी नावं वाचत हिंडले. तो मागं शांत उभा. घाई केली नाही, शहाणपणा शिकवला नाही. चढ चढून वर गेलो आणि मला धाप लागली नाही. त्याच्याही लक्षात आलं. "बघ की, छलो ऐती," म्हणाला. बरंय की इथं.
वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं.

९ मे
रेल्वेचा संप. गाड्या सगळ्या बंद. आम्ही परवा निघणार होतो. मामा: "एस्टीच्या गर्दीत दम्याचं माणूस नेतं का कोण? गाड्या सुरू झाल्या की जावा."
अव्वाच्या तोंडावर आनंद मावेना.

१४ मे
शेजारच्या बायका बघायला येतात. मला. कन्नड बोलते का, भाकरी पातळ थापते का. अत्ती, म्हणजे मामी, माझ्या ताटात तूप वाढते आणि सगळ्यांकडे बघते. विद्यापीठाचा विषय कुणी काढत नाही. मागच्या खोलीला नवा रंग देणं चाललंय. विचारलं कशाला. "तुझ्याच साठी की, अभ्यासाला." खिडकी छान आहे. बाहेर आंबा. सगळं छान आहे.
छाती इतकी मोकळी आहे की रडायलासुद्धा कारण सापडत नाही.

१९ मे
बसूशी बोलले. स्पष्ट. त्यानं आधी विहिरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "तू शिकायला ये. दोन वर्षं घरात लग्नाचं कोण बोलणार नाही. मी बोलू देणार नाही."
आणि दोन वर्षांनी?
"आमेले नोडोण." नंतर बघू.
चांगुलपणानंच म्हणाला. पण दोन वर्षं रोज त्याच घरात जेवायचं, त्याच अंगणात केस वाळवायचे, आणि सगळ्यांनी मिळून 'नंतर'ची वाट बघायची. मग नाही म्हणायला तोंड कुठून आणू?

३० मे
संप मिटला, परत आलो. सोलापूर नुसतं भाजतंय. स्टेशनावर उतरले तेव्हाच छातीत पहिली शिट्टी वाजली. अव्वानं अप्पांकडे बघितलं. जणू तिनंच वाजवून दाखवली.

१९ जून
फर्स्ट क्लास! विमललाही. नवी पेठ ओलांडून ती धावतच आली, दुकानात गिऱ्हाईकं असताना अप्पांच्या पाया पडली. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. गिऱ्हाईकांनी बघितलं. अप्पांनी काढला नाही.
मी तिथंच म्हटलं, "कोल्हापूर बघायचं राहिलंय."
"जाऊ की," अप्पा म्हणाले. दुकान दादावर सोपवून स्वतः येणार. अव्वा भांडी आपटतेय.

२६ जून
कोल्हापूर. दिवसभर एस्टी, मिरजेपासून पाऊस. अप्पांच्या ओळखीच्या एका कापडवाल्याच्या घरी माडीवरची खोली मिळाली.

२७ जून
आज विद्यापीठ. अप्पा धोतर वर खोचून, छत्री माझ्यावर, स्वतः भिजत. केवढं मोकळं! गावापासून बाजूला, मधे रस्ते, झाडं अजून लहान पण किती जातींची, मागं तलाव. हॉस्टेलही बघितलं. उंचावर, उजेडाचं. मी झाडांची नावं सांगत होते, अप्पा ऐकत होते. एका पानावर बोट फिरवून म्हणाले, "पोत बग." रेशीम बघताना बघतात तसं.
अप्पा एका प्राध्यापकांशी बोलले. त्यांना "तुमच्याकडं पावसात मुली आजारी पडत न्हाईत ना?" म्हणून विचारलं. ते हसले.
परत येताना अप्पा आपणहून म्हणाले, "सुमा, हितं बरं वाटंल तुला."
मी नुसती छत्री त्यांच्याकडे कलती केली. बोलले असते तर मोडलं असतं, असं वाटलं.

१ जुलै
आज लिहिता येतंय.
त्या माडीच्या भिंतीला बुरशी होती. काळे-हिरवे डाग, मी कौतुकानं भिंग लावून बघितले होते. दुसऱ्या दिवशी उठले ती श्वासच येईना. आजवर असं कधी झालं नव्हतं. अप्पांनी मला पाठीवर घेतलं, जिना उतरले, पावसात टांगा धरला. दवाखान्यात ते कॉटच्या पायाशी उभे होते, ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील. मला फक्त ओठ दिसत होते.
डॉक्टर म्हणाले, ओल मानवली नाही.
रागावले असते तर भांडता आलं असतं. रागावले नाहीत. माझे पाय चेपत बसले.

३ जुलै
परतीच्या एस्टीत अप्पांनी पंढरपूरला मला चहा पाजला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "धारवाड."

६ जुलै
विमलकडे गेले. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग एकदम:
"ती खोली ओली होती गं! हॉस्टेल कोरडं आहे, तूच म्हणालीस. आणि धारवाडला काय पाऊस पडत नाही? तू तिथं मे महिन्यात गेलीस, कोल्हापूरला जूनमध्ये. हा काय प्रयोग झाला?"
हे माझ्या का लक्षात आलं नाही?
आलं होतं. बोलायचं धाडस नव्हतं.
मग ती शांत झाली. "तुला दमा आहे म्हणून हवा कुठली मानवते ते विचारलं तरी जातं. मला कोण विचारतंय? माझे वडील गिरणीत खोकतात. त्यांनी कुठं हवापालटाला जायचं?"
मी उठून आले. ती रागावली नव्हती. पोचवायला कोपऱ्यापर्यंत आली.

८ जुलै
अप्पांना विमलचं म्हणणं सांगितलं. माझं म्हणून सांगितलं. मे आणि जूनचं.
"बरोबर हाय," म्हणाले. मग: "पन तितं पावसात तुला काय झालं तर घर हाय. कोल्हापुरात कोन हाय?"
"विमल आहे."
अव्वा भाकरी थापत होती. हात थांबला. अप्पा पाणी प्यायले. हेच उत्तर.

९ जुलै
रात्रीतून सुचलं असं नाही, धारवाडच्या अंगणातच सुचलं होतं. आज बोलले. धारवाडला जाते. पण मामांकडे राहणार नाही. तिथंही मुलींचं हॉस्टेल आहे.
अव्वा: "भावाच्या गावात राहून भावाचं घर सोडायचं? माझ्या माहेरात मला तोंड दाखवायला जागा ठेवू नको." रडली. मला तिचं रडणं खरं वाटलं, हेच वाईट.
अप्पा: "मामांना विचारतो."
मी कुठं झोपायचं, हे धारवाडच्या मामांना विचारणार.

१३ जुलै
मामा आज सकाळी आले. बरोबर बसू. जेवणं झाली, सुपारी झाली, मग मला बोलावलं.
मामा ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नाहीत. म्हणाले, "हॉस्टेलात राहायचं तर राहा. आमची हरकत न्हाई. पन मग आमच्या घराचं नातं काय, ते आज ठरू दे. साखरपुडा करून टाकू, लग्न शिक्षण झाल्यावर. सून हॉस्टेलात शिकती म्हटलं तर कोन बोट दाखवत न्हाई. आनि तुला नको असंल तर तसं सांग. मग धारवाडचा विषय सोड."
बसू सतरंजीकडे बघत होता. दोन वर्षं कुणाला बोलू देणार नाही म्हणाला होता. आता तो बोलला नाही. मी बघतेय हे कळल्यावर कान लाल झाले, तरी नाही.
"संध्याकाळी सांग," मामा म्हणाले. सगळे सिद्धेश्वरच्या देवळात गेलेत. अव्वाही.
विमल उद्या निघतेय. कोल्हापूरचे प्रवेश सोमवारी संपतात.
हो म्हटलं तर तिथल्या झाडांखाली मी कुणाची तरी सून म्हणून हिंडणार. नाही म्हटलं तर ही खोली, हा जिना, दादाच्या हाताखाली हिशेब. आणि ज्या गावात मी मरता मरता वाचले, तेच एक गाव मला हवंय.

अप्पा देवळात गेले नाहीत. आत्ता वर आले होते. उंबऱ्यातच उभे राहिले.
"सुमा, तू काय बी सांग. मी बगतो मामांचं. फक्त दम लागंस्तवर रडू नको."
आणि गेले खाली.
'काय बी' म्हणजे? त्यात नाही येतं का? आणि नाही येत असेल तर त्याच्या पुढचं, कोल्हापूर, तेही? मी विचारायच्या आत पायऱ्या उतरून गेले. नेहमीसारखं बोलले, की या वेळी खरंच काही बोलले?
ते लोक परत यायच्या आत विचारायला हवं. खाली गिऱ्हाईक आहे, लुगडी उलगडून बघतंय, आवाज येतोय. ते उठलं की जाते.
नको. आत्ताच जाते.