बाबांचा रंधा आणि तेरा चिमणीघरं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, निवृत्त परिचारिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, नजर चष्म्यासकट उत्तम आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणणं आजवर वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांनाही जमलेलं नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र मी रद्द करते. ते रागात लिहिलं होतं आणि त्यात धाकट्या भावाला एक खिळाही मिळू नये असं कलम होतं.

१. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला.

२. गॅलरीलगतच्या खोलीत मी चिमण्यांसाठी लाकडी घरं आणि दाणापात्रं बनवते. ती खोली धाकट्या भावाला, तो हयात असेपर्यंत वापरायला. मुलीने त्याला किल्ली द्यावी आणि भुशावरून कुरकुर करू नये.

आम्ही भावंडं आठ वर्षं बोलत नव्हतो, त्यामुळे नातेवाईक हे वाचून भुवया उंचावतील. म्हणून खुलासा करते.

आमचे वडील सुतार. ते गेल्यावर त्यांच्या हत्यारांची पेटी भावाकडे गेली, का तर तो मुलगा. तो बँकेत कारकून. जन्मात खिळा ठोकलेला नाही. मी निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे फक्त रंधा मागितला. म्हणाला, "ताई, ती बाबांची आठवण आहे. वापरायची वस्तू नाही." मी म्हटलं, "बाबांनी तो आठवणीसाठी विकत घेतला नव्हता." तिथून अबोला.

मग मी वखारीतून फळ्यांचे तुकडे आणले, बाजारातून करवत आणली. पहिल्या घराचं भोक माझ्या मुठीएवढं झालं. चिमणीने अंडी घातली आणि कावळ्याने आत मान घालून ती नेली. चाळीस वर्षं रुग्णालयात टिपूस गाळलं नाही. त्या दिवशी मात्र गॅलरीत बसून रडले. ते घर मोडून टाकलं. त्यानंतर भोक दोन बोटं रुंद, बाहेर बसायला काडी नाही, आतून रंग नाही. अशी बारा घरं टांगली. देखणी, काटकोनात. राहायला आली दोनच जोडपी.

तीन वर्षांपूर्वी भावाला झटका आला, उजवा हात लुळा पडला. भावजयीचा फोन आला, "वन्सं, हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतात. कोणाचं ऐकत नाहीत. तुम्ही याल का?" मी चपला सरकवल्या आणि निघाले. बरोबर एक फळी आणि पॉलिश कागद घेतला.

"थट्टा करायला आलीस, ताई?"

"थट्टेला रिकामा वेळ लागतो. घास."

आठवडाभर त्याने रागाने घासलं, नंतर मन लावून. चार महिन्यांनी बोटं मिटू लागली. मग त्याने एक घर बनवलं. छप्पर कललेलं, एक भिंत आखूड. त्याचं मन मोडू नये म्हणून मी ते कोपऱ्यात टांगलं. तिसऱ्या दिवशी चिमणी त्यात काडी घेऊन शिरली. शेजारी माझी दहा घरं रिकामी! भाऊ खोकला येईपर्यंत हसला.

दुसऱ्या दिवशी तो रिक्षातून पेटी घेऊन आला. उघडली तर सगळं गंजलेलं. "आठवण गंजली गं, ताई," एवढंच म्हणाला. मी रॉकेल आणलं. दुपारभर आम्ही रंधा घासत बसलो. पात्याला धार आली तशी त्याने तो माझ्या हातात दिला.

३. तो रंधा माझ्यामागे भावाला परत. त्याने तो वापरावा. कपाटात ठेवलेला दिसल्यास मुलीने काढून घ्यावा.

४. खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या दाणापात्रांच्या सालपटांबद्दल इमारतीच्या समितीकडे तीन अर्ज केले. मी कडा उंच केल्या. तेव्हा चौथा अर्ज आला, की आता पक्षी त्यांच्या खिडकीशी येत नाहीत. त्यांच्यासाठी बनवलेलं दाणापात्र मी आत्ताच देऊन टाकलं आहे, कारण साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये, असं वकील म्हणतात.

५. वखारवाल्यांना फक्त आभार. दर खेपेला "बाई, हे कशाला तुम्हाला?" असं विचारून त्यांनी मला हट्टाला पेटवलं.

६. मी जाईन तेव्हा एखाद्या घरट्यात पिल्लं असतील, तर रंगकाम, आवराआवर, सामान हलवणं, सगळं थांबवावं. गॅलरीत मोठ्याने रडू नये. पिल्लं पंधरा-सोळा दिवसांत उडतात. तेवढा धीर धरा. मग दार सताड उघडा आणि कामाला लागा.

सही (परिचारिका, निवृत्त)

साक्षीदार पहिली: खालच्या मजल्यावरची मुख्याध्यापिका. माझ्यासमोर सही झाली. मजकुरातले दोन ऱ्हस्व-दीर्घ मी दुरुस्त केले आहेत.

साक्षीदार दुसरा: वखारवाला. वाचून सही केली. आता विचारणार नाही.

स्थळ: गॅलरी
दिनांक: नऊ मार्च, शनिवार, सकाळी साडेदहा