झिजलेल्या मुठीची फळी

चँडलर, गुरुवार, ६ सप्टेंबर २००७

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दुखणं आणि चित्रं या विषयावर माझं दहा मिनिटांचं भाषण आहे. संध्याकाळी माझ्या स्लाइड्स बघून कमिटीतल्या सुमनकाकूंचा फोन आला. "अगं, ती फळीची स्लाइड काढून टाक. सणासुदीला रक्त कशाला?"

चारशे वर्षांपूर्वीची, इटलीतली लाकडी फळी ती. बाणांनी अंगाची चाळण झालेला संत रंगवलाय, खाली धरायला मूठ. फाशी जाणाऱ्या माणसाला धीर द्यायला आलेले लोक ती शेवटपर्यंत त्याच्या डोळ्यांसमोर धरायचे. त्याला फुलं नाही दाखवली, दुखणंच दाखवलं. का? एकटं वाटू नये म्हणून असेल.

माझं केमो चालू असताना याच काकू डबा आणायच्या. "पॉझिटिव्ह बोल गं," म्हणायच्या. माझ्या टकलाकडे एकदाही पाहिलं नाही. डबा फर्स्टक्लास असायचा, खोटं कशाला बोलू? पण ती मूठ! हात लागून लागून झिजलीय. म्हणजे कुणीतरी तोंड न फिरवता समोर उभं राहत होतं.

फोनवर मी म्हणाले, "काढते." भित्री कुठली!

फोन ठेवला आणि ती स्लाइड पहिली केली. दुसरी, माझा टकलाचा फोटो. काकूंसाठी पहिल्या रांगेतली खुर्ची मी स्वतः धरून ठेवणार आहे.