दहा खोल्यांच्या सोलरचा इन्चार्ज

२ मे, सकाळ
आज मी इन्चार्ज झालो. नागपूरजवळच्या या वाडीत येऊन तीन वर्षं झाली, आतापर्यंत गोडाऊनात पोती मोजणारा भूपेश एवढीच ओळख. आता आमच्या चाळीच्या सोलरचा इन्चार्ज. दहा खोल्यांनी मिळून गच्चीवर पॅनल बसवले. जुन्या लाइनीवर अख्ख्या चाळीत एकच कूलर चालते, दुसरा लावला की फ्यूज उडते. आता सोलरवर दुपारभर खोलीमागे एक कूलर. इन्चार्ज कोण होते, असं विचारलं तर सगळे आपापल्या चपला पाहून राहिले. मी हात वर केला. बाजूच्या खोलीतला जितेंद्र म्हणे, आठवी नापासच्या हाती सूर्य देऊन राहिले बे. जळते तो. स्वतः वायरमन, पण हात खाली.
काम दोनच. पहाटे पॅनल पाण्यानं धुणे. संध्याकाळी मशीनवरचा युनिटचा आकडा रजिस्टरात लिहिणे.
उद्यापासून पाचले उठणे. नक्की.

२ मे, संध्याकाळ
पुसदले आईले फोन केला. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बारा तारखेले इथं नागपुरात. डॉक्टरनं सांगितलं, नंतर आठ दिवस डोळ्यात घाम जाऊ द्यायचा नाही. दादा म्हणत होता, दिवाळीनंतर पाहू, मे महिन्यात नागपुरात माणूस भाजते. मी म्हटलं, माझ्या खोलीत बर्फासारखी हवा राहीन. आईनं तीनदा विचारलं, खरंच ना रे बाप्पा? तिन्ही वेळा हो म्हटलं.

३ मे
पाचले उठलो नाही. नव्या सिस्टीमवर पहिल्याच दिवशी पाणी टाकणं बरं नाही. युनिट २८.

४ मे
रविवार. रविवारी सरकारही काही धूत नाही. २७.

५ मे
पाचले उठलो. बादली भरली. बादली पाहून जरा बसलो. आठले जाग आली. तोवर पॅनल एवढे तापले की हात लावला तर चटका. गरम काचेवर थंड पाणी टाकायचं नसते, हे मले आधीच माहीत. म्हणजे न धुणं हेच बरोबर. २५.

६ मे
कंपनीच्या इंजिनीअर कामिनी मॅडम पाहायले आल्या. पॅनलवर बोट फिरवून बोट मले दाखवलं. म्हणे, अमरावती रोडचे ट्रक आहेत, धूळ बसणारच, रोज धुता ना? मी म्हटलं, रोज. खोटं नाही, रोज धुवायचं मनात असतेच. जाता जाता म्हणाल्या, पॅनल फार तापले की त्यांचा जोर कमी होतो. हे वाक्य मी लिहून ठेवलं. बाकीच्यांनी नुसतं ऐकलं. इन्चार्ज आणि पब्लिकमध्ये हाच फरक. २४.

७ मे
जोर कमी होण्याचं कारण सापडलं. सिंधूताई. कोपऱ्यातल्या खोलीत राहते, तिनं गच्चीवर धोतर अंथरून कुरडया वाळत घातल्या. पॅनलपासून चार हात लांब आहेत, पण ओल्या चिकाची वाफ पॅनलवर जातच असेल. मी उचलायले लावल्या. म्हणे, काहून गा, माह्या कुरडया तुहा सूर्य खाऊन राहिल्या का? पाच पायली गव्हाचा चीक एवढासा नसते. अर्धवट वाळलेल्या खाली नेल्या, जिन्यात तुटल्या. तुटताना माझं नाव घेत होती. पद म्हटलं की लोकांशी वाईटपणा येतोच. २४च.

८ मे, दुपारी जेवणाच्या सुट्टीत
एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात कशी आली नाही? नागपुरात उन्हाळ्यात आपण काय करतो? हिरवी नेट बांधतो. कुंड्यांवर नेट, गाडीवर नेट, अंगणावर नेट, कूलरच्या डोक्यावर नेट. मग सगळ्यात जास्त तापणाऱ्या वस्तूवर नेट काहून नाही? ऊनही लागणार नाही, धूळही बसणार नाही. म्हणजे पाचले उठायची भानगडही संपली. एका दगडात तीन पाखरं. गोडाऊनात जुनी नेट पडलीच आहे.

९ मे
बांधली. चार बांबू, सुतळी, सहा वाजेपर्यंत काम खतम. खाली हात लावून पाहिला, पॅनल थंडगार. सायन्स. गच्चीच्या दाराले कुलूप लावलं, किल्ली माझ्या करदोट्याले. अडाणी लोक वर आले की काही तरी बिघडवतात.

१० मे
युनिट १४. पहिला दिवस आहे, पॅनलले सावलीची सवय व्हावी लागते. दोन वाजताच सगळ्यांचे कूलर बंद पडले. मी सांगितलं, कंपनीनं माल हलका दिला. लोकांनी कंपनीले शिव्या घातल्या. बरं वाटलं.

११ मे
आई एसटीनं आली. मी म्हटलं, आता पाहा कूलर. कूलरनं दोन सुस्कारे टाकले अन् थांबला. आई म्हणे, बर्फ वितळला का रे? मी तिले सिस्टीम समजावली. नेटचा एकच पदर कमी पडून राहिला असणार. संध्याकाळी दुसरा पदर टाकला.

१२ मे
ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्याले पट्टी, वर काळा चष्मा. डॉक्टरनं पुन्हा बजावलं, घाम नको. मी म्हटलं, त्याची काळजी तुम्ही करू नका. युनिट ७. रजिस्टरात ७ लिहून त्याच्या आधी १ टाकायचं मनात आलं. टाकलं नाही. माणूस प्रामाणिक पाहिजे.

१३ मे
सुट्टी टाकली. ४५ डिग्री. साडेअकरालेच सोलर बंद पडला. आईच्या कपाळावरून घाम ओघळून राहिला, मी रजिस्टरनं वारा घालून राहिलो. एक थेंब पट्टीपर्यंत गेला. मी टॉवेलनं टिपला तर आई कळवळली. कोपऱ्यातल्या खोलीतून सिंधूताई आली. माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणे, चला वं बाई, जुन्या लाइनीवर एक कूलर चालते, सगळ्यांनी आपापले बंद केले, तुमच्यासाठी माह्या खोलीत लावला. आई तिचा हात धरून गेली. मी कामिनी मॅडमले फोन लावला. आवाज जरा चढवूनच बोललो.

१४ मे
मॅडम आल्या. मागोमाग अख्खी चाळ गच्चीवर. मी कुलूप उघडलं. मग मॅडम म्हणाल्या, हे काय आहे? मी म्हटलं, तुम्हीच म्हणाल्या, तापले की जोर जाते. त्या म्हणाल्या, भूपेशभाऊ, सूर्यावर चालणारी वस्तू तुम्ही सूर्यापासून लपवली. जितेंद्र पोट धरून खाली बसला. म्हणे, अबे, आता रात्री टॉर्च मारून पाहू का? सिंधूताई हसली नाही. तिनं विळा आणून सुतळी कापली. खालच्या पॅनलवर एवढी धूळ की मॅडमनी बोटानं त्यावर तारीख लिहिली.
करदोट्याची किल्ली सोडताना गाठ सुटेना. सगळ्यांसमोर पाच मिनिटं लागली. किल्ली जितेंद्रले दिली.

१५ मे
जितेंद्रनं पहाटे पॅनल धुतले. मी पाण्याच्या आवाजानं उठलो अन् पुन्हा झोपलो. मले आता काय करायचं.
दुपारी माझ्या खोलीतला कूलर असा सुटला की कॅलेंडर भिंतीवर नाचून राहिलं. खोली झाडली, खाटेवर धुतलेली चादर टाकली, आईले आणायले गेलो. ती सिंधूताईच्या खाटेवर पडली होती. डॉक्टरची माणसं सकाळी येऊन पाहून गेली, डोळा बरा आहे. मी म्हटलं, आई, चल, आता एक नंबर हवा आहे, दहाही कूलर चालू आहेत.
आई उठली नाही. म्हणे, तो सोलर आता कोण पाहून राहिलं?
मी म्हटलं, जितेंद्र.
मग तिनं पायानं चपला चाचपल्या. म्हणे, मंग येतो.